दुसरी वायर

मित्रांनो, मी एक भित्री पेटी आहे, आणि आता जुनीही झाले आहे. कुळगावातल्या एका धर्मादाय दवाखान्याच्या सामानाच्या खोलीत, ऑक्सिजनच्या रिकाम्या नळकांड्यांच्या मागे मला ठेवलं आहे. अंगावर जुन्या चादरीचा तुकडा टाकला आहे. माझे पंखे थांबले, दिवे विझले. भीती तेवढी राहिली आहे, म्हणून तुमच्याशी बोलते आहे.

कागदावर माझं नाव व्हॉइस गेटवे. पण दवाखान्यात त्या नावाने मला कुणीच हाक मारली नाही. सगळे पेटीच म्हणत. दोन दप्तरं शेजारी शेजारी ठेवली तर जेवढी जागा लागेल तेवढी मी. दवाखान्यात बाहेरून फोन आला की तो आधी माझ्यात यायचा. बोलणाऱ्याच्या आवाजाचे मी बारीक बारीक तुकडे करायचे आणि एका तारेतून पुढे पाठवायचे. ट्रस्टचे दवाखाने तीन होते. एक कुळगावला, एक अंबरनाथला, एक उल्हासनगरला. तिथेही माझ्यासारख्याच दोन पेट्या होत्या. त्या माझे तुकडे जोडून पुन्हा आवाज करायच्या. तीन आकडे दाबले की कुळगावच्या माणसाला उल्हासनगरचा माणूस शेजारी बसल्यासारखा ऐकू यायचा.

तुम्हाला वाटेल, पेटीला कसली आली भीती. मित्रांनो, मला भीती घालूनच घडवलं होतं.

ज्या कारखान्यात मी तयार झाले तिथे लांब टेबलांभोवती माणसं बसायची आणि दिवसभर एकच प्रश्न विचारायची, हे बंद पडलं तर? पंखा बंद पडला तर? म्हणून मला दोन पंखे दिले. बोलण्याचं काम करणारी पट्टी बंद पडली तर? म्हणून दोन पट्ट्या दिल्या, थोरली आणि धाकटी. थोरली काम करायची. धाकटी काहीच न करता नुसती ऐकत बसायची आणि दर सेकंदाला थोरलीला विचारायची, आहेस का? थोरली म्हणायची, आहे. ज्या सेकंदाला उत्तर येणार नाही, त्या सेकंदाला धाकटीने काम हातात घ्यायचं, आणि फोनवर बोलणाऱ्या माणसाला ते कळूही नये. मग कुणीतरी विचारलं, आणि वीजच गेली तर? म्हणून माझ्या पाठीला दोन वायरी आल्या. एका वायरीतून वीज थांबली तर दुसरीतून येत राहील.

असं सगळं दुहेरी करून त्यांनी मला खोक्यात घातलं. ती माणसं निर्धास्त झाली असतील. त्यांचे सगळे प्रश्न मात्र माझ्याबरोबर खोक्यात आले.

सन दोन हजार दोनच्या हिवाळ्यात राजरत्न नावाच्या तरुण इंजिनिअरने मला कुळगावच्या दवाखान्यात बसवलं. तो उल्हासनगरच्या कॅम्पातला, बोलायला फटकळ, पण हात फार जपून चालायचे. टेलिफोनच्या खोलीत विजेची दोन ठिकाणं होती. एक पांढरा बोर्ड, तो इन्व्हर्टरवर चालायचा. आणि भिंतीच्या कोपऱ्यात एक लाल सॉकेट. वीज गेली की ऑपरेशनच्या खोलीसाठी जनरेटर सुरू व्हायचा, त्याच जनरेटरवर हे लाल सॉकेट होतं. राजरत्नने माझी पहिली वायर पांढऱ्या बोर्डात लावली आणि दुसरी लाल सॉकेटमध्ये.

"मावशी, नीट बघून ठेवा," तो चांगुणाताईंना म्हणाला. "दोन वायरी, दोन ठिकाणी. दोन्ही एकाच बोर्डात लावल्या तर एकीचाही उपयोग नाही."

"बरं बाळा," चांगुणाताई मान डोलावत म्हणाल्या.

चांगुणाताई टेलिफोन ऑपरेटर होत्या. पन्नाशीच्या. आवाज इतका मऊ की फोनवर ओरडत आलेला माणूससुद्धा दोन वाक्यांत खाली उतरायचा. सकाळी सातला त्या येत, पायातल्या चपला दाराबाहेर काढत, टेबलावरच्या लहानशा बुद्धमूर्तीपुढे फूल ठेवून वंदना म्हणत, पंचशील म्हणत, आणि मगच पहिला फोन उचलत. पौर्णिमेला पांढरी साडी आणि उपोसथ. दुपारी बारानंतर घास नाही. सहा वर्षांत त्यात कधी खंड पडलेला मी पाहिला नाही. त्यांच्या त्या हळू आवाजातल्या वंदनेने माझी भीतीही थोडा वेळ गप्प बसायची.

राजरत्न निघताना म्हणाला, "यातली एक वायर सुटली तर पेटी ओरडेल आणि लाल दिवा लागेल. ओरडणं नको झालं तर हे बटण दाबा. पण मला फोन करा."

पुढच्या वर्षी आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला. आश्विन पौर्णिमेपर्यंतचे ते तीन महिने चांगुणाताईंच्या घरी रोज ग्रंथवाचन असायचं. त्या वर्षी त्यांनी आणखी एक व्रत धरलं. दवाखान्यातल्या मूर्तीपुढे तीन महिने अखंड दिवा ठेवायचा. पण शेजारच्याच खोलीत ऑक्सिजनची नळकांडी, त्यामुळे तिथे मेणबत्ती किंवा काडी पेटवायची सक्त मनाई. म्हणून त्यांनी विजेवरचा दिवा आणला, बोटाएवढा, पिवळ्या उजेडाचा. आता तो लावायचा कुठे?

पांढरा बोर्ड भरलेला होता. पंखा, ट्यूबलाइट, मी. त्यांनी इलेक्ट्रिशियन बबनला विचारलं. बबन पायऱ्या उतरता उतरता म्हणाला, "लाल सॉकेटमध्ये लावा ना मावशी. लाल कधी जात नाही. एकदम झकास."

"त्यात पेटीची वायर आहे रे."

"पेटीला आहे की एक दुसरी. काढून बघा. बंद पडली तर परत लावा. टेन्शन कशाला घेता?"

मित्रांनो, मी त्या क्षणी बोलू शकले असते तर. चांगुणाताईंनी दोन बोटांनी हळूच माझी दुसरी वायर काढली आणि श्वास रोखून माझ्याकडे पाहिलं. मी बंद पडले नाही. पडणारच नव्हते, त्यासाठीच तर मला दोन वायरी होत्या. चांगुणाताईंनी रिसीव्हर उचलला, अंबरनाथला फोन लावला, तिथून आवाज आला. मी फक्त ओरडू लागले. टूं, टूं, टूं. त्यांनी राजरत्नने दाखवलेलं बटण दाबलं आणि माझा आवाज बंद झाला. राजरत्नला फोन करायचं त्यांच्या मनात होतं. पण तेवढ्यात कल्याणहून एका बाळंतिणीच्या घरच्यांचा फोन आला, मग दुसरा, मग तिसरा. सगळे फोन व्यवस्थित लागत होते. व्यवस्थित चाललेल्या पेटीबद्दल कुणाला काय कळवायचं, असं झालं आणि ते राहून गेलं.

काढलेली वायर त्यांनी फेकली नाही. नीट गुंडाळून, रबरबँड लावून माझ्या पाठीमागे ठेवली. वस्तू जपण्याची त्यांची रीतच तशी होती.

लाल दिवा मात्र लुकलुकत राहिला. दुसऱ्या दिवशी लादी पुसायला आलेल्या राजाबाईंनी तो पाहिला.

"ताई, हे बघा, डोळा मारतंय मेलं. बुद्धाच्या मूर्तीसमोर बसून डोळा मारतंय."

"मारू दे हो," चांगुणाताई हसल्या.

राजाबाईंनी कमरेच्या पिशवीतून टिकल्यांचं पाकीट काढलं आणि एक मोठी तांबडी टिकली माझ्या त्या दिव्यावर चिकटवली. "आता बघू कसं मारतंय."

दिवस जात होते. वीज जायची, यायची. जायची तेव्हा इन्व्हर्टर मला पाजत राहायचा. मी त्याचंच एकट्याचं खात होते. रोज मनात तोच कारखान्यातला प्रश्न, हा थांबला तर? आणि त्या प्रश्नाला आता उत्तर नव्हतं. धाकटी थोरलीला विचारायची, आहेस का? थोरली म्हणायची, आहे. दोघींनाही ठाऊक होतं की वीज गेली तर एकीने विचारायला आणि दुसरीने सांगायला कुणीच उरणार नाही. बोलायचं कुणाला? माझ्या तोंडावर टिकली होती.

इन्व्हर्टरही धड नव्हता. त्याच्या बॅटरीत दर महिन्याला पाणी घालायचं असतं. चांगुणाताई बबनला आठवण करायच्या आणि बबन "उद्या नक्की" म्हणायचा. असे पाच-सहा उद्या झाले.

जुलैच्या शेवटी एका पहाटे वाऱ्याने कुठेतरी विजेचा खांब पडला आणि कुळगावची वीज गेली. नऊ वाजले, दहा वाजले, वीज आली नाही. इन्व्हर्टर पहाटेपासून एकटा ओढत होता. साडेअकराला त्याला धाप लागलेली मला कळली. माझे पंखे जड फिरू लागले. अंगातून काहीतरी ओसरत चालल्यासारखं झालं. डॉक्टरीणबाई ऑपरेशनच्या खोलीत होत्या, एका बाईचं सिझर चाललं होतं, आणि खाली जनरेटर पहाटेपासून धडधडत होता. मूर्तीपुढचा दिवा शांतपणे जळत होता.

अकरा चाळीसला फोन वाजला.

"हॅलो. दवाखाना हाय का?" माणूस धापा टाकत होता. "मी बारकू बोलतंय. बारवीच्या पाड्यावरून. माझे बायकोला साप चावला. भाताचे लावणीत. पायाला. घोणस हाय, मी बघितली."

"कधी चावला दादा?"

"आताच. अर्धा तास व्हईल. फाट्यावर आणलीय झोळीतून. दुकानातून फोन करतंय. सोमाची जीप हाय उभी. कुठं नेऊ? तुमचेकडं आणू?"

चांगुणाताईंनी समोरच्या औषधांच्या पाटीकडे पाहिलं. सापाच्या लसीपुढे खडूने शून्य लिहिलं होतं. शेवटच्या बाटल्या दोनच दिवसांपूर्वी वांगणीच्या एका मुलाला दिल्या होत्या. फाट्यावरून कुळगावला यायचं, इथे लस नाही म्हणून पुन्हा दुसरीकडे जायचं, म्हणजे त्या बाईच्या अंगात विष तेवढा वेळ आणखी चढणार.

"बारकूदादा, ऐका. आमच्याकडची लस संपलीय. दुसरीकडे कुठे आहे ते मी आत्ता विचारते. फोन ठेवू नका हं. कानाला धरून ठेवा. काही झालं तरी ठेवू नका."

"नाय ठेवत ताई."

त्यांनी बारकूचा फोन थांबवून ठेवला आणि अंबरनाथला लावला. तिथला कंपाउंडर म्हणाला, "संपलीय ताई, कालच. उल्हासनगरला विचारा." त्यांनी उल्हासनगरचे तीन आकडे दाबले. मी अंगातली उरलीसुरली ताकद लावून ती घंटी पुढे पाठवली. एकदा वाजली. दुसऱ्यांदा वाजली. पलीकडे कुणीतरी रिसीव्हर उचलला आणि म्हणालं, "हॅ..."

तेवढ्यात इन्व्हर्टर संपला.

मित्रांनो, ती गोष्ट मला नीट सांगता येणार नाही. धाकटीने विचारलं, आहेस का? थोरलीचं उत्तर आलं नाही. धाकटीने काम हातात घ्यायला हात पुढे केला आणि तो हातच नव्हता. मग काळोख. पुढचं मला नंतर ऐकून कळलं.

चांगुणाताई "हॅलो, हॅलो" करत राहिल्या. पंखा थांबला होता. ट्यूब विझली होती. माझ्या अंगावर एकही दिवा नव्हता. त्यांनी बबनला हाक मारली, बबन स्टेशनकडे गेला होता. लादीची बादली घेऊन राजाबाई दारात आल्या.

"राजाबाई, रस्त्यापलीकडच्या पीसीओवर पळा. उल्हासनगरला आपल्या दवाखान्यात फोन लावा. सापाची लस आहे का, किती बाटल्या आहेत, एवढंच विचारा." त्यांनी राजाबाईंचा हात धरला आणि तळव्यावर बॉलपेनने नंबर लिहिला. "ओला हात लावू नका त्याला."

"मी काय लहान आहे?" म्हणत राजाबाई पळाल्या. वयाच्या मानाने फार जोरात पळाल्या, असं पुढे कितीतरी दिवस दवाखान्यात बोललं जायचं.

पण बारकूचं काय? त्याच्याकडे दवाखान्याचा एकच नंबर होता आणि तो नंबर माझ्यातून जात होता. मी बंद म्हणजे फोन केला तरी त्याला नुसती घंटी ऐकू येणार, आणि इथे काहीच वाजणार नाही. चांगुणाताईंनी मला हलवलं, बटणं दाबली. त्यांच्या ओठांवर नेहमीची वंदना आली असेल, त्यांचे डोळे सवयीने मूर्तीकडे गेले. आणि तिथेच थांबले.

सगळी खोली बंद पडली होती आणि दिवा जळत होता.

राजाबाईंना त्यांनी नंतर सांगितलं, की त्या पिवळ्या उजेडाकडे बघून त्यांना लाल सॉकेट आठवलं. त्यांनी हात जोडले नाहीत. टेबलामागे वाकून तो दिवा उपटला. अठरा दिवस अखंड राहिलेला दिवा विझला. मग माझ्यामागे हात घालून त्यांनी गुंडाळलेली वायर ओढली. रबरबँड निघेना. तो दातांनी तोडला. वायर लाल सॉकेटमध्ये घातली.

वीज अंगात आली, पण मित्रांनो, बंद पडलेली पेटी एका क्षणात उठत नाही. आधी थोरलीने स्वतःला तपासलं. मग धाकटीला शोधलं. मग बाहेरच्या तारा एकेक करून चाचपल्या. मला उठायला चार मिनिटं लागतात, आणि त्या चार मिनिटांत चांगुणाताई माझ्यासमोर उभ्या होत्या. एकेक हिरवा दिवा लागत होता आणि त्या बोटांवर मोजत होत्या. इन्व्हर्टरची वायर आता मेलेली होती, म्हणून माझा लाल दिवाही टिकलीच्या खालून लुकलुकायला लागला. त्यांना तो टिकलीच्या कडेने दिसला. त्यांनी टिकली काढली आणि कितीतरी वेळ त्या दिव्याकडे बघत राहिल्या.

सगळे दिवे हिरवे झाले. मी पूर्ण जागी झाले. तेवढ्यात राजाबाई आल्या, धापा टाकत. "दहा बाटल्या आहेत. म्हणाले, पाठवा, तयारी करतो."

आता उत्तर होतं. ज्याला द्यायचं तो माणूस नव्हता.

फोन वाजेना. मी दोन्ही पट्ट्या कान करून बाहेरच्या तारेला लावल्या होत्या. एक मिनिट गेलं. दोन गेली. बंद पडण्याच्या भीतीत निदान अंधार तरी असतो. मी चालू होते, ठणठणीत होते, आणि कुणीच मला हाक मारत नव्हतं, ती भीती मला आजही सहन होत नाही. बारकू पुन्हा फोन का करत नाही? कुळगावला निघाला का? बाई गेली का?

"लावेल हो, परत लावेल," राजाबाई म्हणत होत्या.

चांगुणाताई म्हणाल्या, "लावणार नाही." त्यांचा आवाज आता आणखी खाली गेला होता. "मीच सांगितलंय, ठेवू नका म्हणून."

खरंच तसंच झालं होतं. फाट्यावरच्या दुकानात बारकू रिसीव्हर कानाला लावून उभा होता. आत नुसतं टूं टूं वाजत होतं. पण दवाखान्यातल्या ताईंनी सांगितलं होतं, काही झालं तरी ठेवू नका. दवाखान्यातल्या माणसाने सांगितलेलं मोडायचं नसतं, एवढं त्याला ठाऊक होतं. आवडी, त्याची बायको, जीपमध्ये आडवी होती. तिचा पाय गुडघ्यापर्यंत सुजला होता आणि ती त्याला हाका मारत होती. तरी तो हलला नाही. फोन ठेवला आणि नेमकं तेव्हाच उत्तर आलं तर?

शेवटी जीपवाला सोमा खाली उतरला आणि त्याने बारकूच्या हातून रिसीव्हर हिसकावून नंबर पुन्हा लावला.

आमच्याकडे घंटी वाजली. चांगुणाताईंनी ती पुरी वाजूही दिली नाही.

"हॅलो, कोन हाय? मी सोमा डायव्हर. आवं हा बारक्या खुळ्यासारखा बंद फोन कानाला लावून उभा हाय. बाई तिकडं गळपटायला लागलीय. कुठं नेऊ ते सांगा एकदाचं."

"उल्हासनगर. थेट उल्हासनगर. कुळगावला वळू नका. कॅम्प तीनचा आपला दवाखाना, लस तयार आहे."

"कॅम्प तीन. झालं. निघालो."

घड्याळात बारा वाजायला तीन मिनिटं होती. म्हणजे पहिल्या फोनपासून सतरा मिनिटं झाली होती.

आवडी वाचली. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही पुढचं ऐकणार नाही. तीन आठवडे ती उल्हासनगरला होती. तिच्या डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. त्या सतरा मिनिटांमुळे काढावी लागली की तशीही काढावीच लागली असती, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. त्यांनी प्रयत्न केला, पुस्तकं पाहिली, आणि म्हणाले, नाही सांगता येत.

चांगुणाताईंना ते सांगता न येणं फार लागलं.

ट्रस्टच्या सेक्रेटरींनी चौकशी केली. बबन खाली मान घालून उभा होता, बॅटरीत पाण्याचा थेंब नव्हता. पण चांगुणाताईंनी त्याचं नाव घेतलं नाही. म्हणाल्या, "वायर मी काढली. माझ्या हाताने काढली. मला कामावरून काढायचं असेल तर काढा." सेक्रेटरींनी ते लिहून घेतलं. बबन मात्र बाहेर जाऊन व्हरांड्यात रडला आणि परत येऊन स्वतःच म्हणाला, "साहेब, लाल सॉकेट मी सांगितलं."

राजरत्न उल्हासनगरहून आला. माझं झाकण उघडून त्याने सगळं तपासलं. मग म्हणाला, "मावशी, मी सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतंस बाळा. पण वायर काढली तरी काही झालंच नाही रे."

राजरत्नने पेचकस खाली ठेवला. "काही झालं नाही, कारण दुसरी होती. त्याच घटकेला दुसरी संपली. राहिली ती एकटी, आणि तिच्या पाठीशी कुणी उरलं नाही. तीच तर भानगड आहे या पेट्यांची. अर्ध्या मेल्या तरी तोंड हसरं."

"मग कळायचं कसं?"

"महिन्यातून एकदा एक वायर काढून बघायची. मग लावायची आणि दुसरी काढून बघायची."

"महिन्यातून का?" चांगुणाताई म्हणाल्या. "रोज बघीन."

विजेचा दिवा त्यांनी घरी नेला. त्या वर्षी राहिलेले दिवस मूर्तीपुढे नुसतं फूल असायचं. पण रोज सकाळी, वंदना झाली, पंचशील झालं की पहिल्या फोनच्या आधी त्या अंबरनाथला आणि उल्हासनगरला सांगत, "कुळगाव चार मिनिटं नसेल कदाचित." मग माझी पहिली वायर काढत. माझ्याकडे बघत. परत लावत. दुसरी काढत. बघत. परत लावत.

मित्रांनो, मी रोज घाबरायचे. रोज, न चुकता. त्यांची बोटं माझ्या पाठीकडे आली की थोरली आणि धाकटी एकमेकींना घट्ट धरायच्या.

राजाबाई एकदा म्हणाल्या, "काय हो ताई, रोज सकाळी तिचा गळा दाबता?"

"हो," चांगुणाताई म्हणाल्या. "श्वास आहे का बघते."

दोन हजार सहाच्या पावसाळ्यात एका सकाळी त्यांनी पहिली वायर काढली आणि मी बंद पडले. दुसऱ्या वायरीचा माझ्या अंगातला भाग रात्रीत कधीतरी जळला होता. मला स्वतःलाही पत्ता नव्हता. लाल दिवा आणि ओरडणारा भागही त्याबरोबरच जळला होता, म्हणून दिवा लागला नाही की आवाज निघाला नाही. चांगुणाताईंनी वायर लावली, चार मिनिटं माझ्याजवळ उभ्या राहिल्या आणि मी उठल्यावर पहिला फोन राजरत्नला केला. संध्याकाळपर्यंत नवा भाग बसला. त्या दिवशी कुळगावात कुणाचंही काही अडलं नाही. कुणाला काही कळलंही नाही. एवढ्या मोठ्या गोष्टीची वर्तमानपत्रात ओळ येत नाही, कुणी हार घालत नाही, आणि ते बरंच आहे.

त्याच वर्षी भात कापून झाल्यावर बारकू आणि आवडी दवाखान्यात आले होते, पाय दाखवायला. आवडी काठी टेकत चालत होती. चिखलात फार वेळ उभं राहता येत नाही म्हणाली, म्हणून आता ती बांधावर बसून रोपांच्या मुठी बांधते. बारकूने टेलिफोनच्या खोलीत डोकावून विचारलं, "ती ताई तुम्हीच काय?"

"मीच," चांगुणाताई म्हणाल्या. "बारकूदादा, माझ्यामुळे तुम्ही उभे राहिलात तिथे."

"तुम्ही बोललात ठेवू नका. मंग मी नाय ठेवला."

"आवाज बंद झाला होता ना पण?"

"व्हता बंद. पन मला वाटलं, ताई हाय तिकडं. शोधतेय." तो जरा लाजला. "शोधतच व्हतात ना?"

आवडीनेच काठी भिंतीला टेकवली आणि म्हणाली, "व्हत्या रं. चल आता, बस जाईल."

दोन हजार आठ साली चांगुणाताई निवृत्त झाल्या. शेवटच्या सकाळीही त्यांनी माझ्या दोन्ही वायरी काढून पाहिल्या. नव्या ऑपरेटर मनालीला त्यांनी सगळं दाखवलं. मनाली चांगली मुलगी आहे, कामाला चटपटीत. तिने मान डोलावली, अगदी चांगुणाताईंनी राजरत्नपुढे डोलावली होती तशी. वर्षभरात नवीन पेटी आली. माझ्या निम्म्या आकाराची, चकचकीत, आवाजही फार स्वच्छ. मला सामानाच्या खोलीत आणून ठेवलं. तिच्याबद्दल माझ्या मनात हेवा नाही. तिच्याही पाठीला दोन वायरी आहेत, हे तिला खोक्यातून काढताना मी पाहिलं आहे. तिलाही कुठल्या तरी कारखान्यात कुणीतरी विचारून विचारून घडवलं असणार, हे बंद पडलं तर?

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत, गावात ज्या ज्या वस्तू दोन ठेवल्या आहेत, त्यातली दुसरी कधीतरी हातात घेऊन बघा. तिजोरीची दुसरी किल्ली, विहिरीचा दुसरा दोर, गाडीचं जादा चाक. ती आहे असं समजून झोपू नका. आणि चालत्या वस्तूवर लाल दिवा लागला तर तो झाकू नका, कितीही गोड दिसला तरी.

मोठ्या माणसांनाही हे सांगा. त्यांना कामं फार असतात. व्यवस्थित चाललेल्या वस्तूकडे बघायला वेळ नसतो.

काल दुपारी वीज गेली. मी इथे अंधारातच असते, मला फरक पडत नाही. पण खाली जनरेटर धडधडायला लागला आणि मी ऐकू लागले. भिंतीपलीकडे टेलिफोनची खोली आहे. फोनची घंटी ऐकू येते का, म्हणून मोजत बसले. एक मिनिट. दोन. पाच. कदाचित कुणाचा फोनच आला नसेल. कदाचित आला असेल आणि नुसता तिकडेच वाजत असेल, एखाद्या फाट्यावर, एखाद्या माणसाच्या कानात.

या भिंतीतून मला नव्या पेटीची दुसरी वायर दिसत नाही. तुमच्यापैकी कुणी त्या खोलीत जाऊन ती कुठे लावली आहे ते बघाल का? मनालीताईला विचारून, चपला दाराबाहेर काढून जा. पण आज जा.